तुम्ही विचारलेत म्हणून : नाताळची सजावट घरच्या घरी

डिसेंबर उजाडला की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीतील शेजारणी, पूर्वी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला माझ्यासमोर बसलेल्या आणि आता स्वतः आया झालेल्या विद्यार्थिनी, आणि आमच्या चर्चच्या मंडळीतील तरुण जोडपी मला एकच प्रश्न विचारतात : सगळे बाजारातून विकत न आणता, दोन खोल्यांच्या घरात, मुलांना हाताशी घेऊन नाताळची सजावट कशी करावी? दारातल्या दारात उभ्याने दिलेले उत्तर नेहमी अपुरे राहते, म्हणून ते आज नीट लिहून काढते आहे. दहा वस्तू अर्ध्यामुर्ध्या करण्यापेक्षा एक चांदणी, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचा कंदील, मनापासून करावी, आणि तिच्यासाठी जे कौशल्य लागते ते आपल्या घरांत गणपती-दिवाळीच्या निमित्ताने आधीपासूनच असते, असे माझे ठाम मत आहे.

चांदणीच का, याचे कारण बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी, लोक ताऱ्याच्या मागोमाग चालत बाळ येशूपर्यंत पोहोचले, म्हणून ख्रिस्ती घराच्या दर्शनी भागात चांदणी लावतात. झाड, घंटा, लाल टोपी या गोष्टी नसल्या तरी चालते, पण चांदणीवाचून आमचा नाताळ सुरू होत नाही. ठाण्यात तिच्यासाठी लागणारे सामान शोधत फिरावे लागत नाही, हा दुसरा फायदा. बांबूच्या कामट्या बुरुडाकडे मिळतात, आणि संक्रांत तोंडावर आलेली असल्यामुळे पतंगाचा कागद जांभळी नाक्याच्या बाजारात डिसेंबरमध्ये सहज सापडतो. ज्या घरात आकाशकंदील हाताने केला जातो, त्या घराला चांदणी अवघड नाही.

साठ सेंटिमीटर लांबीच्या दहा कामट्या घ्याव्यात. त्या बोटाच्या पेरापेक्षा बऱ्याच अरुंद आणि वाकवल्यावर न मोडणाऱ्या असाव्यात. कडक वाटल्यास रात्रभर पाण्यात भिजवून ठेवाव्यात आणि कडांची कुसळे सॅंडपेपरने घासून काढावीत, कारण मुलांच्या हातांत कुसळ गेले की काम तिथेच थांबते. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून तेवीस सेंटिमीटरवर पेन्सिलने खूण करावी. ही खूण म्हणजे या कामाचा प्राण आहे. पाच कामट्यांची चांदणी मांडली की प्रत्येक कामटी आणखी दोन कामट्यांना छेदते, आणि ते छेद नेमके या खुणांवर आले तरच पाचही टोके सारखी दिसतात. नजरेच्या अंदाजाने बांधलेली चांदणी एका बाजूला कलते आणि मग कितीही सुंदर कागद लावला तरी ते कलणे लपत नाही. प्रत्येक कामटी एका छेदावर वरून आणि दुसऱ्या छेदावर खालून न्यावी, म्हणजे सांगाडा आपोआप अडकून राहतो. मग टोके आणि छेद दोऱ्याने घट्ट बांधावेत. अशा दोन चांदण्या तयार झाल्या की एकीवर दुसरी ठेवून फक्त पाच टोके एकमेकींना बांधावीत, आणि मधल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत, दोन्ही चांदण्यांच्या मध्ये, कामटीचे बारा सेंटिमीटरचे पाच तुकडे उभे अडकवून तेही बांधावेत. कामट्या बाहेरच्या बाजूला फुगतात आणि सपाट आकृतीला पोट येते. हा क्षण मुलांना पाहू द्यावा. शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत मला याहून आवडता क्षण दुसरा नव्हता.

कागद लावताना घाई करू नये. दोन्ही बाजूंचे मिळून दहा मोठे त्रिकोण, टोकांच्या कडांचे दहा चिंचोळे त्रिकोण आणि मधले दोन पंचकोन एवढे तुकडे होतात. त्यांपैकी मागचा पंचकोन उघडाच ठेवावा, कारण तिथून दिवा आत जातो आणि हवा खेळती राहते. प्रत्येक तुकडा मापापेक्षा बोटभर मोठा कापून, ती कड कामटीभोवती दुमडून चिकटवावी. चिकटवण्यासाठी मैद्याची पातळ खळ उत्तम. बाटलीतला डिंक पतंगाच्या कागदावर डाग पाडतो, खळ मात्र वाळल्यावर दिसत नाही. ती ताजी शिजवावी आणि दुसऱ्या दिवशी उरलेली टाकून द्यावी. रंगांच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच की दोनपेक्षा जास्त रंग घेऊ नयेत. पांढरी चांदणी आणि तिची टोके लाल, एवढे पुरते. आत एलईडीचाच लहान दिवा लावावा. तारेचा जुना पिवळा दिवा इतका तापतो की पतंगाच्या कागदाजवळ तो ठेवणे धोक्याचे आहे.

थोरल्या मुलांना आणखी अवघड काही हवे असेल, तर कागदी सुळके जोडून केलेली मोरेव्हियन चांदणी करून पाहावी. जर्मनीतील नीस्की गावी मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या शाळेत १८३० च्या दशकात ती भूमितीचा पाठ म्हणून जन्माला आली, हे मी वर्गात मुद्दाम सांगत असे, कारण भूमितीचा कंटाळा करणारी मुलेदेखील मग कंपासपेटी आपणहून उघडत.

चांदणीनंतर वेळ उरला तर गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, करावा. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेचो गावी गव्हाणीत गवत घालून, खरा बैल आणि खरे गाढव उभे करून नाताळचा प्रसंग लोकांसमोर मांडला, तेव्हापासून ही प्रथा जगभर रुजली. आपल्याकडे त्यासाठी गणपतीच्या वेळी उरलेली शाडूची माती हाताशी असते. मूर्ती वीतभरापेक्षा लहान ठेवाव्यात आणि आत आधारासाठी काडी किंवा तार घालू नये, कारण वाळताना माती आक्रसते, काडी आक्रसत नाही, आणि मूर्तीला तडा जातो. उन्हात न ठेवता चार-पाच दिवस सावलीत वाळवाव्यात. चेहऱ्याचे नाक-डोळे कोरण्यात मुले दमतात. डोक्यावरचा पदर, मेंढपाळाच्या खांद्यावरचे कांबळे आणि मान खाली घातलेले मेंढरू एवढ्यानेच कोण कोण आहे ते ओळखू येते. येशूची आई मरिया हिला नऊवारी आणि तिचा पती योसेफ याला मुंडासे दिले तर माझी मुळीच हरकत नाही, उलट मला ते फार आवडते. दिवाळीच्या किल्ल्यावर जसे धान्य पेरतात, तशी उथळ ताटलीत माती पसरून नाताळच्या आठ दिवस आधी मोहरी पेरावी आणि रोज पाणी शिंपडावे, म्हणजे चोवीस तारखेपर्यंत गोठ्याभोवती खरी हिरवळ उभी राहते. गव्हाणी मात्र चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी आणि बाळाची मूर्ती घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून ठेवून घ्यावी.

वाट पाहण्याचे हे दिवस म्हणजे आगमनकाळ, नाताळच्या आधीचे चार रविवार. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांचा आश्रम चालवणारे योहान विखर्न यांनी १८३९ मध्ये लाकडी चाकावर मेणबत्त्या लावून मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजायला शिकवले, आणि आजचे चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे त्यातूनच आले. आपल्या घरात पितळी ताटलीत दिवाळीच्या चार पणत्या, भोवती आंब्याची किंवा तुळशीची पाने, आणि दर रविवारी एक पणती जास्त, एवढे केले तरी तो अर्थ पुरा होतो. पणत्या पडद्यापासून लांब ठेवाव्यात आणि मोठे माणूस खोलीत असतानाच लावाव्यात.

झाडाविषयी थोडक्यात सांगते. पूर्वी किनाऱ्याजवळच्या वस्त्यांत सुरूची फांदी आणून कुंडीत खोचत असत; शहरात आज झाड तोडायला महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. घरात प्लॅस्टिकचे झाड आधीच असेल तर ते टाकून न देता दरवर्षी तेच काढावे, आणि नसेल तर नवे आणू नये. गळून पडलेली एखादी वाळकी फांदी बरणीत उभी करून तिला कागदाची फुले टांगली तरी कोपरा सजतो. थर्माकोलचा बर्फ कृपा करून करू नये. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ मध्ये राज्यात बंदी आली आहे, आणि ठाण्याच्या डिसेंबरला बर्फाची गरजही नाही.

वासासाठी मोसंबीच्या चकत्या वाळवाव्यात. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने त्याच्या चकत्या सुट्या होतात, मोसंबीची साल गराला धरून राहते. अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या टिपून कोरड्या कराव्यात आणि शंभर अंशांवर ओव्हनमध्ये अडीच-तीन तास, मधूनमधून उलटत, ठेवाव्यात. दालचिनीच्या कांड्यांसह त्या दोऱ्यात ओवल्या की खिडकीला सुरेख तोरण होते. उजेड आरपार जातो तेव्हा त्यांचा रंग पाहत राहावासा वाटतो.

हिंदू शेजारणी संकोचाने आणखी एक विचारतात : आम्ही हे केले तर चालेल का? अवश्य करावे, आणि आनंदाने करावे. गोठा केलाच तर तो चपलांच्या स्टँडजवळ किंवा मुलांच्या खेळण्यांत मांडू नये, उंचावर स्वच्छ जागी ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे. आमच्यासाठी ती प्रार्थनेची जागा असते.

सहा जानेवारीला, मागी लोक पोहोचल्याचा सण झाला की, सजावट उतरवावी. मोसंबीच्या चकत्या पावसाळ्यात बुरशी धरतात, त्या कुंडीत टाकाव्यात. न रंगवलेल्या शाडूच्या मूर्ती बादलीत भिजवल्या की माती पुढच्या वर्षासाठी परत मिळते. ज्यांना मूर्ती मोडवत नाहीत त्यांनी त्या कागदात गुंडाळून ठेवाव्यात. चांदणीचा कागद ओल्या फडक्याने सोडवून सांगाडा माळ्यावर ठेवावा. बांबूला कीड लागू नये म्हणून पावसाळ्याआधी एकदा त्याला कडक ऊन दाखवावे, आणि सैल झालेल्या गाठी त्याच वेळी पुन्हा बांधून घ्याव्यात.