तहसीलदार काका आणि गव्हर्नर हचिन्सन

बॉस्टनमध्ये मी पर्यटकांना पायी फिरवून इतिहास सांगते. नॉर्थ एंड भागात बरेच गाईड अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातला वीर पॉल रिव्हियर याच्या घरापाशी थांबतात आणि ब्रिटिश राजवटीतल्या थॉमस हचिन्सन या गव्हर्नरला ‘राजाचा हस्तक’ म्हणून एका वाक्यात उडवून लावतात. मला हा आळस वाटतो. हचिन्सनचा वाडा होता तो गार्डन कोर्ट स्ट्रीट तिथून दोन पावलांवर. गल्ली अरुंद, हॉटेलांच्या मालाच्या गाड्या सतत. लोकांना भिंतीलगत उभं करायचं आणि गाडी गेली की पुढचं वाक्य घ्यायचं.

परवा गटात मुलाकडे आलेले एक निवृत्त तहसीलदार होते. मी २६ ऑगस्ट १७६५ची रात्र सांगत होते. हचिन्सन तेव्हा मॅसॅच्युसेट्स या ब्रिटिश वसाहतीचा उपगव्हर्नर आणि सरन्यायाधीशही. वसाहतींतल्या छापील कागदांवर कर लावणारा ब्रिटिश स्टॅम्प कायदा त्याला स्वतःलाच पटला नव्हता, पण झालेला कायदा पाळायचाच, हा त्याचा हेका. मेहुणा अँड्र्यू ऑलिव्हर स्टॅम्पवाटपाचा अधिकारी, त्यामुळे लोकांचा राग याच्यावरही. जमाव चालून आला. हचिन्सन घर सोडेना. मोठी मुलगी म्हणाली, तुम्ही नाही तर मीही हलणार नाही. तेव्हा निघाला. पहाटेपर्यंत नुसत्या भिंती उरल्या, रोख ९०० पौंड गेले. त्यानं लिहिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडाचं हस्तलिखित रस्त्यावर चिखलात पडलं. शेजारी राहणारे पाद्री अँड्र्यू एलियट यांनी पानं गोळा केली, म्हणून ते १७६७मध्ये छापता आलं. डागाळलेली ती पानं आजही राज्याच्या दप्तरखान्यात आहेत. आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस उसन्या कपड्यांत न्यायालयात हजर!

“ताई, कायदा पटत नव्हता तर राजीनामा का नाही दिला?”

“काका, तुम्ही दिला असता?”

“नसता. हुकूम वरून यायचा, शिव्या आम्ही खायच्या.”

मग १७७३. आता तो गव्हर्नर. चहाची जहाजं परत पाठवा, ही शहराची मागणी. जकात भरल्याशिवाय जहाजांना निघायचा परवाना नाही, हे त्याचं उत्तर. १६ डिसेंबरला लोकांनी चहा बंदराच्या पाण्यात फेकला.

“बरोबर आहे. जकात बुडवून कसं सोडणार?”

चहा ज्यांच्या नावे आला होता त्यांत त्याचे मुलगे थॉमस आणि एलिशा होते, हे मी सांगितलं. काका ताडकन म्हणाले, “मग ती फाइल त्यानं हातात घ्यायलाच नको होती!”

मला वाटतं, मुलगे नसते तरी त्यानं परवाना दिला नसता. १७६५चा हचिन्सन तेच सांगतो. जून १७७४मध्ये परत येण्याच्या आशेनं तो इंग्लंडला गेला आणि १७८०मध्ये तिकडेच वारला. काका मात्र ऐकेनात. स्वभावाचं काय घेऊन बसलात, नातं मध्ये आलं की अधिकाऱ्यानं बाजूला व्हायचं, एवढंच ते मेट्रो स्टेशनपर्यंत बजावत होते. बारा-तेरा वर्षांच्या नातवाला मात्र माझं म्हणणं पटलं होतं, आणि दोघांचं जिन्यावर पुन्हा सुरू झालं.