लिव्हरच्या रायफलसाठी फुलणारी गोळी निवडताना

हरणाच्या शिकारीसाठी घरी काडतुसं भरणाऱ्याला सगळ्यात आधी एक आकडा ठाऊक हवा: गोळी हरणाला लागते त्या क्षणी तिचा वेग किती असेल? बॅरलमधून निघतानाचा वेग डब्यावर छापलेला असतो आणि गप्पाही त्याच्याच होतात. पण फुलणारी गोळी (लागताच पुढचं टोक उमलून रुंद होणारी) फुलते ती हरणाच्या बरगडीपाशी, आणि तिथवर पोचेस्तोवर तिचा बराचसा वेग हवेने खाल्लेला असतो. लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींमध्ये (ट्रिगरभोवतीचा दांडा खाली-वर करून काडतूस चढवायच्या) हा फरक इतका मोठा असतो की गोळीची निवड बहुतेक त्याच्यावरच ठरते.

मी मूळची कुडाळची. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकले आणि आता मध्य पेन्सिल्व्हेनियात राहते. ठासणीच्या बंदुकीच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून पुष्कळ ऐकल्या, पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा माझ्या जन्माआधीच आलेला. भारतात शिकार ही आता ऐकायचीच गोष्ट आहे आणि ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथलं चित्र निराळं आहे. व्हाईटटेल हरणं भरपूर आहेत, कुठल्या विभागात माद्यांचे किती परवाने द्यायचे हे राज्याचं गेम कमिशन दरवर्षी ठरवतं आणि शिकारीचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय पहिला परवाना मिळत नाही. रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप चढवणारी, रायफल या राज्यात चालत नाही, त्यामुळे जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफली आमच्याकडे नुसत्या भिंतीवर टांगलेल्या नसतात, त्या जंगलात जातात.

माझी रायफल मार्लिन ३३६. हे मॉडेल १९४८ सालचं. काडतूस ३०-३० विंचेस्टर, ते तर १८९५ पासून बाजारात आहे. धूर न करणाऱ्या दारूवर चालणारं हे अमेरिकेतलं अगदी सुरुवातीचं शिकारी काडतूस.

या रायफलीत काडतुसं बॅरलखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक आडवी बसतात. म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीला) टेकलेलं असतं. टोकदार गोळी असेल आणि बार उडाल्यावर धक्क्याने ती प्रायमरवर आपटली, तर ट्यूबमध्येच काडतूस फुटू शकतं, आणि त्या ट्यूबवर आपला डावा हात असतो. म्हणून या रायफलींसाठी गोळी चपट्या तोंडाची घ्यायची, किंवा ज्या गोल तोंडाच्या गोळीबद्दल बनवणाऱ्याने ती ट्यूबसाठी आहे असं लिहून दिलंय ती. चेंबरमध्ये एक आणि ट्यूबमध्ये एकच भरली तर टोकदारही चालते, असं सांगणारे लोक भेटतात. हिशेब बरोबर आहे. पण पहाटेच्या काळोखात, थंडीने बोटं बधिर झालेली असताना तिसरं काडतूस ट्यूबमध्ये सरकवायला एक क्षण पुरतो. माझ्या घरात ३०-३० साठी टोकदार गोळी येतच नाही. सॅव्हेज ९९, विंचेस्टर १८९५ किंवा ब्राउनिंग बीएलआर असलेल्यांना हा प्रश्न नाही, कारण त्यांत ट्यूब नाही.

याला हॉर्नेडी या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने काढलेला तोडगा म्हणजे एफटीएक्स गोळी. टोकदारच, पण टोक मऊ रबरासारख्या पदार्थाचं, दाबलं की दबणारं. ३०-३० साठी ती १६० ग्रेनची येते. (सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड, १७० ग्रेनची गोळी साधारण ११ ग्रॅम भरते.) हवा कापण्यात ती चपट्या गोळीपेक्षा खूपच सरस आहे. ज्यांना मोकळ्या शेतात १५०-२०० यार्डांवर नेम धरावा लागतो त्यांनी ती जरूर पाहावी. फक्त ४५-७० या जाड काडतुसात ही गोळी भरायची तर पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) नेहमीपेक्षा आखूड कापावी लागते, नाहीतर काडतूस लांब होऊन रायफलीत फिरत नाही. हॉर्नेडीच्या मॅन्युअलमध्ये ते माप दिलेलं आहे.

आता वेगाकडे येते. १७० ग्रेनची चपटी गोळी ३०-३० मधून सेकंदाला सुमारे २,२०० फुटांनी निघते. १०० यार्डांवर ती १,९०० च्या आसपास असते आणि २०० यार्डांवर १,६०० च्या. १५० ग्रेनची निघते २,३९० ने, पण २०० यार्डांवर तीही १,६०० वरच येते, कारण हलकी चपटी गोळी वेग लवकर गमावते. याच्याशेजारी ३०-०६ हे जास्त ताकदीचं काडतूस ठेवून बघा. १५० ग्रेनची टोकदार गोळी तिथून २,९१० ने निघते आणि २०० यार्ड जाऊनही २,३०० च्या वर असते. म्हणजे २०० यार्डांवरच्या हरणाला ३०-०६ ची गोळी ज्या वेगाने लागते, तो वेग ३०-३० च्या १७० ग्रेनच्या गोळीला बॅरलच्या तोंडाशीसुद्धा नसतो.

दोन्हींचा व्यास मात्र एकच, ०.३०८ इंच. नवीन माणूस फसतो तो इथे. दुकानात ०.३०८ ची दीडशे तऱ्हेची गोळी असते, आणि त्यातली बरीचशी २,६००-२,८०० फुटांच्या आघाताला टिकेल अशी बांधलेली असते: जाड जॅकेट (शिशावरचं धातूचं आवरण), अँटिमनी घालून कडक केलेलं शिसं. ती गोळी ३०-३० च्या वेगाने हरणाला लागली तर न फुलता पेन्सिलीच्या जाडीचं भोक पाडून आरपार जाते. हरीण मरतं, पण बरंच लांब धावून, आणि लॉरेलच्या दाट झुडपात पडलेलं ते प्रत्येक वेळी सापडेल याची खात्री नाही. उलट बाजूने, ३०-३० साठी बनवलेली मऊ गोळी ३००० फुटांना हाकली तर ती बरगडीवरच विस्कटते. धातू तोच, व्यास तोच, वेग बदलला की वागणं बदलतं. जॅकेटचं गिल्डिंग मेटल म्हणजे ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त. टोकाजवळ ते किती पातळ ठेवलंय, आतून चिरा दिल्यात का, शिसं किती उघडं आहे, यावर गोळी कुठल्या वेगाला उमलायला लागेल ते ठरतं. मला स्वतःला हा सगळ्या छंदातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

शिशाच्या गोळ्यांत हॉर्नेडीची इंटरलॉक, स्पीअरची हॉट-कोर आणि सिएराची प्रो-हंटर, तिन्ही १५० आणि १७० ग्रेनच्या, ३०-३० च्या वेगाचा विचार करूनच केलेल्या आहेत आणि तिन्ही चांगल्या आहेत. हॉट-कोरमध्ये शिसं वितळवून जॅकेटमध्ये ओततात, त्यामुळे मधे फट राहत नाही. इंटरलॉकमध्ये जॅकेटला आतून एक कडं असतं, ते शिशाला धरून ठेवतं. यांतली कुठली घ्यावी यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. माझ्या मते तुमच्या रायफलीतून जिची भोकं निशाणावर एकमेकांच्या जवळ पडतात ती घ्यावी. वजनात मात्र मी १७० च्या बाजूची आहे. आमच्या ओक आणि हेमलॉकच्या रानात ८० यार्डांपलीकडे फारसं दिसतच नाही, आणि तेवढ्यात जड गोळी तिरक्या उभ्या हरणाच्या फऱ्यातून शिरून पलीकडे बाहेर पडते. बाहेर पडलेल्या जखमेतून रक्ताचा माग मिळतो. त्या मागाची किंमत संध्याकाळी साडेचारला, अंधार पडताना कळते.

नॉस्लरची पार्टिशन गोळी या यादीत मी मुद्दाम घेतली नाही. जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात एक मूस (खूप मोठं हरीण) पाडताना त्रास झाला. अंगावर चिखल वाळलेला, आणि वेगवान मॅग्नम रायफलीच्या गोळ्या वरच्यावर फुटत होत्या. त्यातून त्यांनी मधोमध तांब्याची आडभिंत असलेली गोळी घडवली: पुढचा अर्धा फुलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. अप्रतिम कल्पना. पण ती जास्त वेगाच्या दुखण्यावरचं औषध आहे, आणि ३०-३० ला ते दुखणं नाही.

गेली काही वर्षं माझ्या ट्यूबमध्ये मात्र शिसं नसतं. २००८ मध्ये नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने गरजूंना धान्य देणाऱ्या केंद्रांना सांगितलं की दानात आलेला हरणाचा खिमा वाटू नका, त्यात शिशाचे कण सापडलेत. त्याच वर्षी त्या राज्यातल्या ७३८ लोकांचं रक्त तपासलं गेलं, आणि शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं सरासरीने थोडं जास्त निघालं. धोक्याची पातळी कोणी ओलांडली नव्हती, हेही सांगायला हवं. मिनेसोटात मेंढ्यांच्या देहांवर केलेल्या चाचण्यांत वेगवान गोळ्यांचे कण जखमेपासून बरेच लांब गेलेले आढळले. जड, संथ गोळ्या कमी फुटल्या. म्हणजे या बाबतीतही ३०-३० शेजारच्या मॅग्नमपेक्षा बरी. पण आमच्याकडच्या ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ या उपक्रमातून मी मांस देते, ते कुठल्या मुलांच्या ताटात जातं ते मला दिसत नाही, आणि माझ्या मुलीलाही मालवणी मसाला घातलेला हरणाचा खिमा फार आवडतो. लहान मुलाच्या शरीरात शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही, हे वैद्यकशास्त्राने स्पष्ट सांगितलंय. मला एवढं पुरलं. शिवाय शिकाऱ्यांनी मागे टाकलेली आतडी बॉल्ड ईगल खातात आणि त्यांना शिशाची विषबाधा होते. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी कायद्यानेच बंद आहे. पेन्सिल्व्हेनियात हरणासाठी तशी सक्ती नाही. आपण आपल्यापुरतं ठरवावं.

मी भरते ती बार्न्सची १५० ग्रेनची टीएसएक्स, चपट्या तोंडाची. अखंड तांब्याची, पुढे पोकळी, लागली की चार पाकळ्या मागे वळतात. फुटत नाही, त्यामुळे वजन जवळजवळ सगळं टिकतं. १५० ग्रेन तांबं १७० ग्रेन शिशाइतकं खोल जातं, म्हणूनच माझा जड गोळीचा हट्ट इथे लागू नाही. फऱ्यातलं साकळलेलं रक्तही कमी असतं, मांस कमी वाया जातं. पण तांबं शिशाइतकं मऊ नाही, त्याला उघडायला वेग लागतो. म्हणून दर गोळीमागे बनवणाऱ्याने सांगितलेला आघाताचा किमान वेग बघायचा, आपल्या भरणीचा वेग क्रोनोग्राफवर मोजायचा आणि किती यार्डांवर आपली गोळी त्या आकड्याला पोचते ते काढायचं. मी त्याच्याही अलीकडे थांबते. शंभराच्या पुढचं हरीण मी सोडून देते. ज्यांना दोनशे यार्डांची सवय आहे त्यांनी ३०-३० मध्ये चपटं तांबं घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याने भरलेले दुधाचे गॅलनचे कॅन एका रांगेत मांडून गोळी तपासायची पद्धत चांगली आहे, पण बहुतेकजण ती पंचवीस यार्डांवरून करतात आणि फुललेल्या गोळीचा फोटो काढून खूश होतात. तेवढ्या जवळून बहुतेक गोळ्या फुलतील. पाणी मांसापेक्षा गोळीला जास्त उघडतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. कॅन तुमच्या सगळ्यात लांबच्या अंतरावर ठेवा. तिथे पाकळ्या अर्धवटच वळल्या असतील तर हरणातही त्याहून बरं काही होणार नाही.

जड चपटी गोळी काटक्या-फांद्या तोडत सरळ जाते, हा समज इथल्या प्रत्येक शिकारी कॅम्पमध्ये ऐकू येतो. तसं होत नाही. बोटाएवढी फांदी कुठल्याही गोळीला वाकडी करते. मधे मोकळी वाट दिसेपर्यंत थांबायचं, दुसरा मार्ग नाही.

भरणीबद्दल दोनच गोष्टी सांगते, कारण दारूची मापं मी इथे देत नाही. ती गोळी बनवणाऱ्याच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्यावीत. एक, तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, पुंगळीत जास्त जागा घेते. म्हणून शिशाच्या १५० ग्रेनचं माप तांब्याच्या १५० ग्रेनला लावायचं नाही. ३०-३० ची दाबाची मर्यादा ४२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, आजच्या बोल्ट ओढून भरायच्या रायफलींच्या काडतुसांपेक्षा बरीच कमी. दोन, ट्यूबमधली स्प्रिंग आणि बाराचा धक्का दोन्ही गोळीला पुंगळीत मागे ढकलत असतात. गोळी आत सरकली की दाब वाढतो. म्हणून गोळीवर खाच असलेलीच घ्या आणि पुंगळीचं तोंड त्या खाचेत नीट क्रिंप करा, म्हणजे आवळून बसवा. मी भरलेली काडतुसं ट्यूबमध्ये घालते, काही बार काढते, मग न उडवलेलं काडतूस बाहेर काढून व्हर्नियरने त्याची लांबी पुन्हा मोजते. लांबी आधीइतकीच भरली तरच तो डबा रानात नेण्यासाठी बाजूला ठेवते.