भंगारातलं १५० एचपी आउटबोर्ड पुन्हा उभं केलं – माझा अनुभव

मामेभावाच्या ओळखीतल्या एकाचा अलिबागकडे वॉटरस्पोर्ट्सचा धंदा होता, तो गुंडाळला आणि त्यातलं एक बंद पडलेलं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन, मला जवळजवळ भंगाराच्या भावात मिळालं. टू-स्ट्रोक, व्ही-सिक्स, १५० हॉर्सपॉवर, ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण कंपनीचा काही दोषच नव्हता, वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात पळवायचं आणि गोड्या पाण्याने एकदाही धुवायचं नाही म्हटल्यावर कुठलंही इंजिन असंच मरणार. मी मेकॅनिकलवाला, पण नोकरी कंप्रेसरच्या कंपनीत, टू-स्ट्रोकशी संबंध म्हणजे कॉलेजातली आरएक्स १०० एवढाच. माझगावला एका मित्राच्या शेडमध्ये जागा मिळाली, आणि वेसाव्याचे एक जुने मेकॅनिक, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते सुट्टीच्या दिवशी यायला तयार झाले. अट एकच, मध्येच सोडायचं नाही.

आधी कॉम्प्रेशन बघितलं. पाच सिलिंडर ११० पीएसआयच्या आसपास, सहावा साठवर. हेड काढलं तर पाण्याच्या वाटा मिठाने गच्च भरलेल्या, थर्मोस्टॅट गंजून जाम, आणि त्या सहाव्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे. मला वाटलं सापडला रोग. नाना नुसते बघत उभे होते, म्हणाले "वरचं दिसतं रे, खालचं उघड मग बोल." ते नंतर सांगतो.

पिस्टन हातात घेतला तेव्हा तो वरून जवळपास सपाट होता. नानांनी त्यांच्याकडच्या एका फार जुन्या छोट्या मोटरचा पिस्टन आणून बाजूला ठेवला, त्याच्या डोक्यावर एका बाजूला भिंतीसारखा उंचवटा. या दोन पिस्टनच्या मध्ये आउटबोर्डचा अर्धा इतिहास आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतं त्याच वेळी जळलेला धूर बाहेर जात असतो, दोन्ही दारं एकदम उघडी, मग ताजं पेट्रोल सरळ एक्झॉस्टमधून पळून जाऊ नये म्हणून ती भिंत, मिश्रण तिच्यावर आपटून वर जातं आणि वळून खाली येतं. पण त्या भिंतीमुळे पिस्टन जड, एका बाजूला जास्त तापणारा, आणि कम्बशन चेंबरचा आकार वेडावाकडा. आडॉल्फ श्नुर्ले नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९२० च्या दशकातच यावर तोड काढली होती, मिश्रणाची दारं एक्झॉस्टच्या दोन्ही बाजूंना ठेवायची आणि त्यांची तोंडं एक्झॉस्टकडे पाठ करून समोरच्या भिंतीकडे, म्हणजे मिश्रण समोर जाऊन वर चढतं आणि वळून परत येतं, भिंतीची गरजच नाही. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीने तीसच्या दशकात हेच मोटरसायकलींत वापरलं. आउटबोर्डवाले मात्र कितीतरी वर्षं जुन्या भिंतीलाच धरून बसले आणि त्यांना नावं ठेवायची तर जरा जपून, कारण ती रचना मशीनिंगला सोपी, आयडलला, म्हणजे अगदी हळू फिरताना, गुळगुळीत चालणारी आणि सिलिंडर जवळजवळ बसवता येणारी. मासेमारीला जाणाऱ्याला आयडल महत्त्वाचं, टॉप स्पीड नाही.

सिलिंडर बोअर करायला, म्हणजे आतून घासून मोठा करायला, कुर्ल्याला नेला. तिथला माणूस आयुष्यभर टू-स्ट्रोक बाइक करत आलेला, आउटबोर्डचा ब्लॉक बघून जरा बिचकला पण त्याने स्वतःच विचारलं की पोर्टच्या, म्हणजे त्या दारांच्या, कडा मारायच्या ना? हा प्रश्न जो विचारत नाही त्याच्याकडे ब्लॉक देऊ नका. बोअर मारल्यावर पोर्टची कड ब्लेडसारखी होते, रिंग तिथे अडकली की तुटते आणि नवा पिस्टन गेलाच म्हणून समजा.

एक्झॉस्टच्या बाबतीत एका हुशार मित्राने सल्ला दिला की आतल्या पट्ट्या घासून मोकळं कर, श्वास घेईल. नाही घासलं. व्ही-सिक्सच्या प्रत्येक बाजूला तीन सिलिंडर, त्यांचे स्फोट १२० अंशांनी मागेपुढे, त्यामुळे एका सिलिंडरचं एक्झॉस्ट बंद व्हायच्या जरा आधी शेजाऱ्याच्या धुराचा धक्का येऊन पोचतो आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण परत आत ढकलतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीत वाल्टर काडेनने एक्झॉस्ट पाइपच्या आकाराने हीच करामत एकेका सिलिंडरला केली, आणि १९६१ मध्ये त्यांचा रायडर एर्न्स्ट डेगनर पळून जाऊन सुझुकीला मिळाला तेव्हा ते ज्ञानही जपानला गेलं. आउटबोर्डमध्ये तसे लांब पाइप लावायला जागा नाही, तीनच्या गटात ते काम आपसूक होतं. त्या पट्ट्यांची मापं कोणीतरी टेस्ट बेंचवर बसून काढलेली असतात, आपण शेडमध्ये ग्राइंडर घेऊन त्यात काय सुधारणार.

वाचता वाचता मला भेटलेला सगळ्यात भन्नाट माणूस कार्ल किखेफर. ओले एव्हिनरुडने १९०९ मध्ये दीड हॉर्सपॉवरची मोटर बाजारात आणून धंदा सुरू केला हे बऱ्याच जणांना माहीत असतं. किखेफरने १९३९ मध्ये विस्कॉन्सिनमधला एक बुडालेला कारखाना घेतला, तिथे गिऱ्हाइकाने परत पाठवलेल्या सुमारे ३०० नादुरुस्त मोटरी पडून होत्या, त्या याने उघडून सुधारून विकल्या आणि त्यातून मर्क्युरी ही आउटबोर्डची कंपनी उभी राहिली. १९५७ चं त्यांचं मार्क ७५ म्हणजे सहा सिलिंडर एकावर एक, ६० हॉर्सपॉवर, आणि त्यात रिव्हर्स गियरच नव्हता, मागे जायचं तर इंजिन बंद करून उलटं फिरवत चालू करायचं, टू-स्ट्रोकला चालतं ते! त्याच वर्षी फ्लोरिडातल्या एका गुप्त तळ्यावर, ज्याला ते लेक एक्स म्हणायचे, बोटी न थांबवता चालता चालता पेट्रोल भरत ५०,००० मैल पळवल्या. पुढे एकावर एक सहा सिलिंडर म्हणजे फार उंच प्रकरण व्हायला लागलं, तेव्हा १९७६ मध्ये त्यांनी १७५ हॉर्सपॉवरचं व्ही-सिक्स आणलं, आणि नंतर रेसिंगवाल्यांनी अडीच लिटरच्या टू-स्ट्रोकमधून २८० च्या आसपास हॉर्सपॉवर काढली.

आता नानांचं "खालचं". गियरबॉक्सचा ड्रेन स्क्रू काढला तर काळं तेल यायच्या ऐवजी घट्ट चहासारखं पांढुरकं काहीतरी ओघळलं, म्हणजे आत पाणी. पाण्यातला पंखा (प्रोपेलर) काढला, त्याच्या मागचं वायसर काढलं, आणि शाफ्टभोवती जाळ्याचा नायलॉन गुंडाळून उष्णतेने वितळून एकच हिरवी रिंग झालेली, चाकूने कापून काढावी लागली. तिने सील खाल्लं, सीलमधून पाणी गेलं, बेअरिंग गंजलं. वर पंपाचा रबर इंपेलर तर पाकळ्या तुटून गेलेला, त्याचे तुकडे पाण्याच्या नळीत. म्हणजे वरचा पिस्टन मेला त्याचं निम्मं कारण खाली पाण्यात होतं. सील आणि बेअरिंग मुंबईच्या नागदेवी बाजारात मिळाली, नंबर घेऊन जा फक्त, इंपेलर मात्र मागवावा लागला.

इथे मला पटलं की वेगवान आउटबोर्ड डिझाइन करणाऱ्याची खरी डोकेदुखी कव्हरखाली नसते. हॉर्सपॉवर वाढवली की गियर मोठे लागतात, गियर मोठे केले की पाण्यातला तो टॉर्पेडोसारखा भाग जाडा होतो आणि जाडा झाला की पाणी त्याला अडवतं. म्हणून रेसिंगवाले तो भाग बारीक, नाक टोकदार करतात आणि इंजिन इतकं वर उचलतात की पंखा अर्धा पाण्याबाहेर फिरतो. पण एवढं उचललं की बाजूच्या जाळीतून पाण्याऐवजी हवा ओढली जाते, मग थंड करायचं पाणी घ्यायची भोकं थेट नाकाच्या खालच्या बाजूला आणली. आपल्या बंदरात मात्र कुठूनही घ्या, प्लॅस्टिकची पिशवी तिथे येऊन चिकटणारच.

जोडल्यावर पहिले काही तास पेट्रोलमध्ये दुप्पट ऑइल टाकून हळू चालवलं, शेडभर धूर, शेजारच्याने दोनदा शिव्या घातल्या. मग मांडव्याच्या बाजूला शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटल दिला. ५,४०० आरपीएम, गियर रेशो १.८७, पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे जायला हवा ते अंतर, १९ इंच, या हिशेबाने पंखा अजिबात न घसरता चालला तर ताशी ८३ किलोमीटर यायला हवेत, जीपीएसवर ७२ आले. म्हणजे १३-१४ टक्के घसरण, अशा बोटीला ठीकच. नानांनी आकडा बघितला नाही, टेलटेलची, म्हणजे इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची, धार हातावर घेऊन बघितली, फार गरम नाही ना एवढंच, आणि म्हणाले "चल, आता परत."

खर्चाचं विचाराल तर तेवढ्यात चालू स्थितीतलं छोटं फोर-स्ट्रोक आलं असतं. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पाव हिस्सा न जळता बाहेर जातो, अमेरिकेने १९९६ मध्ये नियम आणले ते याचसाठी, आणि त्यानंतर डायरेक्ट इंजेक्शन, २००४ चं सुपरचार्जर लावलेलं मर्क्युरीचं फोर-स्ट्रोक व्हेराडो, असं करत करत २०२१ मध्ये ७.६ लिटरचं ६०० हॉर्सपॉवरचं व्ही-ट्वेल्व्ह आलं ज्यात इंजिन जागेवर स्थिर राहतं आणि फक्त खालचा गियरबॉक्स वळतो. माझं पूर्ण थ्रॉटलला तासाला ५० लिटरच्या वर पितं, त्यामुळे तसा थ्रॉटल मी फार वेळ देत नाही. पुढचं काम ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला, जॅक प्लेट लावून इंजिन इंच-इंच उचलून बघायचं, ती प्लेट कोणी मुंबईत चांगली बनवून देत असेल तर सांगा, मला ॲल्युमिनियमची हवी आहे, लोखंडाची नको.