शांघायचा हिवाळा: आधी पाय, मग काढे

बीजिंगमध्ये साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च घरोघरी सार्वजनिक हीटिंग चालू असतं. छिनलिंग डोंगर आणि ह्वायहे नदीच्या दक्षिणेला ती सोय नाही, आणि शांघाय दक्षिणेत येतं. जानेवारीचं सरासरी तापमान ५ अंशांच्या आसपास, त्यात हवा दमट. फरशीवर पाय ठेववत नाही, अंथरूण ओलसर लागतं. त्यामुळे इथल्या पारंपरिक वैद्यकातला सगळ्यात जास्त पाळला जाणारा उपाय सगळ्यात स्वस्तही आहे: झोपण्याआधी गरम पाण्यात पाय.

त्यासाठी परात नको, उभी बादली हवी. पाणी आतल्या घोट्याच्या वर चार बोटं तरी यायला पाहिजे, कारण सानयिनज्याओ हा अ‍ॅक्युपंक्चरचा बिंदू तिथे मानतात. जून आल्याचा ३० ग्रॅमचा तुकडा ठेचून लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळायचा आणि ते पाणी बादलीत मिसळायचं. तापमान ४० अंश; थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, तळव्याचा अंदाज फसतो. पाणी निवलं की आधी पाय बाहेर काढा, मगच गरम पाणी ओता. पंधरा-वीस मिनिटांत पाठ जराशी दमट झाली की पुरे. घाम निथळेपर्यंत बसणारे बरेच असतात. पायातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उठताच रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. जेवणानंतर तासभर थांबा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करून लगेच मोजे घाला. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर हे करूच नका; भाजलेलं कळत नाही.

झोपेबद्दल ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथाचा सल्ला सरळ आहे: हिवाळ्यात लवकर झोपा, उशिरा उठा, ऊन येण्याची वाट बघा. कडाक्याच्या थंडीत पहाटे घाम गाळणं त्याला मंजूर नाही. आपला आयुर्वेद थंडीत अर्ध्या ताकदीने व्यायाम करायला सांगतो, तिथे दोघांचं पटत नाही. ऑफिस गाठायचं असतं, त्यामुळे उशिरा उठणं सुट्टीपुरतंच. लवकर झोपणं मात्र जमण्यासारखं आहे.

खाण्यात मटणाचं सूप. चांग चोंगचिंग या चीनच्या हान राजवटीतल्या वैद्याच्या नावावरचं: ५०० ग्रॅम मटण, ३० ग्रॅम आलं, १० ग्रॅम दांगग्वेइ हे मूळ. मटण गार पाण्यात घालून उकळी आणा आणि ते पाणी फेकून द्या, नाहीतर वास राहतो. मग मंद आचेवर दीड-दोन तास, मीठ शेवटी. दांगग्वेइ जास्त पडलं की सूप कडवट होतं. गरोदर असाल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दांगग्वेइ वगळा.

राहिला गाओफांग, म्हणजे वैद्याने माणूस बघून लिहिलेला अवलेह. २१-२२ डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत रोज चमचाभर, कोमट पाण्यातून. पोट नीट नसेल तर आधी आठ-पंधरा दिवस पचनाचा काढा देतात, कारण जड औषध पचलं नाही तर गॅस होतो, जीभ पांढरी पडते. तयार बरणी आणण्यात अर्थ नाही. शाकाहाऱ्यांनी घटक विचारावेत. घट्टपणासाठी बहुधा गाढवाच्या कातडीपासून केलेला अज्याओ हा डिंकासारखा पदार्थ घालतात. बरणी फ्रिजमध्ये ठेवा, चमचा कोरडा वापरा, नाहीतर बुरशी येते. सर्दी-ताप आला की बरं होईपर्यंत खुराक थांबवायचा.