लाळ्या-खुरकुतीच्या साथीत मेंढरांचे रक्त तपासले तेव्हा

हुपरीजवळ ऊस तुटलेल्या रानात आमची मेंढरे खतासाठी बसवली होती, तेव्हा त्यांतल्या काही लंगडू लागल्या. गाई-म्हशींसारखी तोंडातून लाळ गळत नव्हती. मेंढीत हा रोग बहुधा सौम्य असतो आणि लंगडण्यावरूनच ओळखावा लागतो. वडिलांना खूर कुजल्याचा संशय होता. परंतु खुरांच्या बेचक्यात फुटलेले फोड दिसले आणि पाठोपाठ दूध पिणारी, वरवर धडधाकट कोकरे अचानक दगावली, तेव्हा मी दवाखान्यात कळवले.

डॉक्टरांनी मेलेल्या कोकराचे हृदय उघडून त्यावरचे फिकट पट्टे आम्हाला दाखवले. विषाणू कोकरांच्या हृदयाच्या स्नायूवरच घाला घालतो, त्यामुळे अंगावर फोड येण्याआधीच ती मरतात. निदानासाठी फोडाचा पापुद्रा घेतल्यावर त्यांनी मोठ्या मेंढ्यांचे रक्तही घेतले. मानेवरची लोकर सारून खाचेत अंगठा दाबला की शीर टरारून वर येते. रक्त गोठू न देणाऱ्या, जांभळ्या टोपणाच्या नळीत ते सोडून ती हलक्या हाताने उलटसुलट करायची, कारण जोराने हलवल्यास तांबड्या पेशी फुटतात आणि अहवाल चुकतो.

अहवालात पांढऱ्या पेशी, विशेषतः लिम्फोसाइट, कमी होत्या. विषाणू रक्तात फिरत असतो त्या सुरुवातीच्या दिवसांत असे घडते आणि अशा वेळी जखमांत जिवाणू शिरण्याची भीती असते. हिमोग्लोबिनचा उलगडा मात्र सरळ नव्हता. निरोगी मेंढीत ते साधारण 9 ते 15 ग्रॅम प्रति डेसिलिटर असते. आमच्या काही मेंढ्यांत ते त्याहून खाली होते. "सगळा दोष खुरकुतीवर घालू नका, आधी लेंड्या तपासू," असे डॉक्टर म्हणाले, आणि लेंड्यांत जठरात रक्त पिणाऱ्या जंतांची अंडी सापडली. ही तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. ती झाली नसती तर पांढुरकी पडलेली मेंढरे आम्ही नुसत्या टॉनिकवर ठेवली असती.

जंतांचे औषध पाजले, खूर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुतले, आजारी मेंढ्या वेगळ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, ठेवल्या. बरी झालेली मेंढीही घशात 9 महिन्यांपर्यंत विषाणू बाळगू शकते, म्हणून पुढच्या गावच्या शेतकऱ्याला फोन करून ठरलेली बसवणी वडिलांनी स्वतःहून रद्द केली. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात मेंढ्यांनाही खुरकुतीची लस मोफत मिळते. आता कळपाची नोंद करून कानात 12 अंकी बिल्ले मारून घेतले आहेत.