ग्राफिक्स कार्ड घेताना: नंतर काय बदलता येतं आणि काय नाही

बजेटमध्ये बेस्ट कार्ड कुठलं, असं ओळखीतलं कोणी ना कोणी सतत विचारत असतं आणि मी उलट विचारतो की आधी मॉनिटर कुठला आहे ते सांग, मग बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. पण खरंच, १०८०पी आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर १४० एफपीएस (सेकंदाला १४० फ्रेम्स, म्हणजे चित्रं) देणारं कार्ड घेऊन करणार काय? स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच बदलणार, वरच्या फ्रेम्स काढायला कार्ड उगाच राबणार, वीज खाणार आणि पंखे बोंबलणार. (शूटर खेळणारे लगेच म्हणतील की इनपुट लॅग, म्हणजे माउस हलवल्यापासून स्क्रीनवर दिसेपर्यंतचा उशीर, कमी होतो, मान्य, पण मग आधी मॉनिटर बदला ना राव.)

मग येतो तो रिव्ह्यूतला लाडका तक्ता, किंमत भागिले एफपीएस. वाईट नाहीये तो, पण त्यात कार्ड एकटंच हवेत तरंगत असतं. घरी ते तुमच्या पीसीत बसणार असतं, आणि त्या कार्डापायी नवीन पॉवर सप्लाय घ्यावा लागला किंवा कॅबिनेटमध्ये ते मावलंच नाही तर तक्त्यातला पहिला नंबर गेला की उडत. शिवाय त्या तक्त्यात ॲव्हरेज एफपीएस असतो. अडखळणं ॲव्हरेजमध्ये दिसत नाही, ते १ टक्का लो मध्ये दिसतं, म्हणजे सगळ्यात वाईट फ्रेम्सचा जो आकडा असतो त्यात.

माझी स्वतःची चाळणी साधी आहे. कार्डातली कुठली गोष्ट नंतर बदलता येते आणि कुठली नाही. ड्रायव्हर सुधारतात, सेटिंग्ज कमी करता येतात, पॉवर लिमिट खाली आणता येते, अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) तर कधीकधी फुकटात सुधारतं. पण व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), मेमरी बस (चिप आणि त्या मेमरीमधला रस्ता), पीसीआयई लेन्स (lanes, कार्ड आणि मदरबोर्डमधल्या डेटाच्या वाटा) आणि व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंगसाठी व्हिडिओ आवळणारा भाग) हे जे काय कार्डावर आहे ते आहे, त्यात काडीचाही फरक पडणार नाही. म्हणून पैसे मोजताना मी दुसऱ्या यादीकडे जास्त बघतो.

व्हीरॅमचं बघायचं असेल तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० टीआय हे आयतं उदाहरण आहे. चिप तीच, १२८ बिटची बस तीच, फक्त एक ८ जीबी आणि एक १६ जीबी. जिथे ८ मध्ये भागतं तिथे दोघांचे एफपीएस जवळपास सारखेच, लोक म्हणतात बघा जास्तीची मेमरी बिनकामाची. पण गेमने ८ च्या वर मागितलं की डेटा सिस्टिमच्या रॅममधून पीसीआयईवरून ये-जा करायला लागतो आणि मग कॅमेरा वळवला की झटका, किंवा गेम हुशार असेल तर झटका देत नाही, गुपचूप धुरकट टेक्स्चर दाखवतो आणि एफपीएसचा आकडा छानच राहतो. हे दुसरं जास्त फसवं आहे. २०२१ मध्ये आलेल्या ३०६० ला १२ जीबी होते आणि २०२३ मध्ये तिच्या जागी आलेल्या ४०६० ला ८, हे मला अजूनही पचलेलं नाही.

लेन्सचं तर कोणी बघतच नाही. ४०६० ला आठच लेन्स आहेत, पीसीआयई ४ वर चालून जातं. एएमडीची २०२२ ची आरएक्स ६५०० एक्सटी मात्र कहर होती: ४ जीबी मेमरी, ६४ बिटची बस, फक्त चार लेन्स, आणि वर हार्डवेअर एन्कोडरच नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करायचा तर बोजा सीपीयूवर. स्वस्त कार्ड कोण घेतं, तर ज्याचा पीसी जुना आहे तो, आणि जुन्या पीसीत पीसीआयई ३, म्हणजे त्या चार लेन्सचा वेगही अर्धा. ज्याच्यासाठी बनवलं त्यालाच सगळ्यात जास्त फटका.

आता वीज. बिलाची भीती लोक जरा जास्तच घालतात असं मला वाटतं. ४०६० चं रेटिंग ११५ वॅट आणि एएमडीच्याच ६७०० एक्सटी चं २३०, बरोबर दुप्पट. रोज तीन तास पूर्ण लोडवर खेळलात तरी वर्षाचा फरक साधारण १२५ युनिटचा, तुमच्या दराने गुणून बघा, बऱ्याच ठिकाणी त्यापायी ६७०० एक्सटी चे १२ जीबी सोडावेत इतका तो नसतो. खरा त्रास वेगळा आहे. कार्डात गेलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीत येतो, आणि ती उष्णता बाहेर टाकायला पंखे जोरात फिरतात. ३०० वॅटचं कार्ड म्हणजे पायाशी लावलेला छोटा हीटर. बंद खोलीत दोन तास खेळून बघा मग कळेल मी काय म्हणतोय.

पॉवर सप्लायचं गणित पण नुसत्या वॅटवर होत नाही. एनव्हिडियाच्या ३०८० आणि ३०९० च्या वेळी लोकांना कळलं की कार्ड सरासरी ३२० किंवा ३५० वॅट घेत असलं तरी मिलिसेकंदापुरते त्याच्या खूप वरचे झटके येतात आणि कागदावर पुरेसा असलेला सप्लाय थेट ट्रिप होतो, गेम चालू असताना पीसी ठप्प. नंतर एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या नव्या मानकामध्ये असे दुपटीपर्यंतचे झटके सोसायची अटच आली. आणि एक बारीक गोष्ट, मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट, ८ पिनच्या एका कनेक्टरमधून १५०. कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर सप्लायमधून दोन वेगळ्या केबल्स ओढा, एकाच केबलला फुटलेली दोन तोंडं लावून मोकळे होऊ नका. नवीन १६ पिनांच्या कनेक्टरचा कमाल आकडा ६०० वॅट आणि ५०९० चं रेटिंग ५७५, तिथे तर प्लग शेवटपर्यंत बसलाय ना हे डोळ्यांनी बघायचंच.

पॉवर लिमिट मात्र प्रत्येकाने एकदा तरी खेळून बघावी. मी आफ्टरबर्नर (कार्डाच्या सेटिंग्ज बदलायचं सॉफ्टवेअर) उघडतो, गेममध्ये एका जड जागी कॅरेक्टर नुसतं उभं करतो आणि कोपऱ्यातल्या आकड्यांवर नजर ठेवून स्लायडर ८० टक्क्यांपर्यंत खाली आणतो. वॅटचा आकडा लगेच कोसळतो, एफपीएसचा जेमतेम हलतो, आणि थोड्या वेळाने पंख्यांचा आवाज उतरतो. कारण असं की चिपच्या वेगातले शेवटचे शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज बरंच वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. कंपन्या तक्त्यात दोन टक्के वर दिसण्यासाठी कार्ड तिथवर ताणून विकतात. म्हणून वॅटचा छापील आकडा मी थोडा सैल धरतो, व्हीरॅमचा नाही.

फीचर्समध्ये डीएलएसएस, म्हणजे एनव्हिडियाचं अपस्केलिंग, खरंच चांगलं आहे हे कबूल करायला हरकत नाही. २०२५ च्या सुरुवातीला त्याचं नवीन मॉडेल आलं ते २०१८ च्या २० सिरीजलाही मिळालं, म्हणजे जुन्या कार्डाचं चित्र फुकटात सुधारलं. तिकडे एएमडीचं अपस्केलिंग, एफएसआर ४, अधिकृतपणे आरएक्स ९००० सिरीजपुरतं आलं आणि जुन्या रेडिऑनवाले (म्हणजे एएमडीच्या कार्डवाले) हात चोळत बसले. ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) किंवा एआयचं काम करणार असाल तर फार डोकं लावायचं कारण नाही, कुडामुळे (एनव्हिडियाच्या कार्डांवरच चालणारी प्रोग्रामिंगची सोय) बहुतेक वेळा एनव्हिडियाच पडतं, महाग असलं तरी. स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी एव्ही१ (व्हिडिओ आवळायचा नवा फॉरमॅट) एन्कोडर बघावा, तो ४० सिरीज, आरएक्स ७००० आणि इंटेल आर्कमध्ये आहे. आर्क घेताना मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आहे का हे आधी तपासा, नाहीतर परफॉर्मन्स सडकून पडतो.

रे ट्रेसिंगबद्दल (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या आणि प्रतिबिंबं काढणं) मी बोलत नाही, मी ते बंदच ठेवतो.

फ्रेम जनरेशन, म्हणजे खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये कार्डाने स्वतः बनवलेल्या फ्रेम्स घालणं, मात्र मी तुलनेत धरतच नाही. मूळ ६०-७० एफपीएस असतील तर त्यावर ते मस्त दिसतं, हलणं गुळगुळीत होतं. पण मूळ ३० असतील तर स्क्रीनवर ६० दिसले तरी माउस ३० सारखाच जड लागतो, उलट थोडा लॅग वाढतोच, आणि वर ते व्हीरॅमही खातं, म्हणजे ८ जीबीवाल्याला जिथे गरज तिथेच ते अडतं. त्यामुळे कुठल्या तक्त्यात ते चालू करून काढलेले आकडे दिसले की मी खाली स्क्रोल करून ते बंद असतानाचे आकडे शोधतो, आणि तेही १ टक्का लो सकट.