कासव, पतंग, छत्री

जानेवारीत वाळवा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आमच्या अभ्यासाच्या ॲपचे टॅब बघायला गेलो होतो. गळीत हंगाम भरात, त्यामुळे वर्गात ऊसतोड टोळ्यांची मुलंही होती. बीडकडची, चौथीच्या वयाची एक मुलगी पहिलीच्या रांगेत बसवलेली. "हिला काहीच येत नाही, साहेब. बोलतच नाही," गुरुजी म्हणाले. मन लावून शिकवणारे गुरुजी आहेत. पण हंगामापुरतं आलेलं मूल कोरंच असणार, हे धरून चालणं मी भल्याभल्या शाळांत पाहिलंय आणि दर वेळी चिडलोय.

टॅब दिसताच ती म्हणाली, "माझं कासव हाय ह्याच्यात."

आमच्या ॲपमध्ये पासवर्ड नाही. बारा चित्रांतून तीन ओळीनं दाबायची, तीच मुलाची खूण. तिनं कासव, पतंग, छत्री दाबलं. नोंद नाही. पुन्हा तेच, त्याच क्रमानं. मग फोनचं हॉटस्पॉट लावून मी सर्व्हरवर शोधलं. अशा 1728 खुणा होतात आणि प्रत्येक शाळेत त्याच वापरतात, म्हणून बऱ्याच नोंदी निघाल्या. त्यातली एक पलूस तालुक्यातली, आदल्या हंगामातली. नाव तेच, आडनावाची जागा रिकामी.

तारीख मात्र 1 जानेवारी 1970! स्वस्त टॅबची बॅटरी पार उतरली की त्याचं घड्याळ मागं जातं, आणि नेट नसलेल्या शाळेत ते सुधारायला कुणी नसतं. अशा वेळी 'नंतरच्या तारखेची नोंद खरी' हा नेहमीचा नियम लावला तर मुलाचं ताजं काम जुनं समजून पुसलं जातं. म्हणून आम्ही घड्याळावर विसंबतच नाही. प्रत्येक उत्तराला टॅबचा चढता क्रमांक देतो. हे काम करायला आम्हाला फार वेळ लागला, पण त्यामुळेच तिचं एकूण एक उत्तर शाबूत होतं.

ती भागाकारापर्यंत पोचलेली होती. चुका बहुतेक एकाच जागी, भागाकारात मधे शून्य येतं तिथं. गुरुजींनी फळ्यावर 816 भागिले 4 घातलं. तिनं लिहिलं 24. "आठशे रुपये चौघांत वाटले तर एकाला किती?" "दोनशे." मग फळ्याकडे बघत राहिली आणि स्वतःच मधे शून्य घातलं. गुरुजींनी तिला लगेच चौथीत बसवलं.

काही दिवसांत तिथला फड संपला आणि टोळी पुढं गेली. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, त्यानं नव्या शाळेचं दार उघडतं. पण ती 816 वर अडते, हे त्या शाळेला कोण सांगणार? आमच्या करारात प्रत्येक शाळेची माहिती वेगळी ठेवायची अट आहे. 2022 मध्ये 22 अब्ज डॉलर मोलाची ठरलेली ऑनलाइन शिकवणीची कंपनी बायजूज 2024 मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली, तेव्हापासून गुंतवणूकदार आमच्यासारख्यांना दारात उभं करत नाहीत. आम्ही सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी दिलेल्या निधीवर चालतो आणि निधी देणाऱ्यांना शाळानिहाय तक्ता लागतो. त्यात ही मुलगी पलूसमध्ये गळती आणि वाळव्यातही गळती. शिकत असलेली ती कुठल्याच ओळीत नाही.

नोंद मुलाबरोबर फिरेल असा रकाना घातल्याशिवाय यंदाचा तक्ता पाठवणार नाही, असं मी निधी देणाऱ्यांना कळवलंय. अजून उत्तर नाही.